रोमकरांच्या दारावरची पाटी: तरुण संघातल्या पडद्यावरच्या खेळांचं एक प्रकरण

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची ख्रिस्ती मंडळी आहे. चर्चला लागून पत्र्याचा हॉल आहे आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला तिथं तरुण संघाची बैठक भरते. दोन गीतं, प्रार्थना, शास्त्रभाग (शास्त्र म्हणजे आमचं बायबल), त्यावर थोडी चर्चा, मग चहा-बिस्किटं. वय तेरापासून सत्तावीसपर्यंत. सातवीतली पोरगी आणि एमआयडीसीत कामाला जाणारा दादा एकाच सतरंजीवर बसतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि संघाचं काम बघते, म्हणून सगळ्यांची ताई.

उन्हाळ्यात आमचं बरं चालतं. बैठक संपली की आवारात खो-खो, लगोरी, आणि खरं सांगायचं तर निम्मी पोरं त्यासाठीच येतात. पाऊस लागला की आवारात चिखल होतो, खेळ बंद पडतात आणि ऑगस्टपर्यंत हजेरी तिसाच्या वरून अकरा-बारावर येते. त्या वर्षीही पाऊस लागताच गळती सुरू झाली. कमिटीनं नाताळात गीतांचे शब्द भिंतीवर दाखवायला प्रोजेक्टर घेतला होता, तो नाताळ झाल्यापासून कपाटात होता. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, "ताई, मशीन पडून आहे. पोरांना पडद्यावर काही खेळवता येतंय का बघा." पुढच्या पाच बैठकांत काय झालं ते इथं लिहिते. पहिल्या दोन साफ फसल्या, आणि का फसल्या हेच मला जास्त सांगायचंय.

पहिल्या वेळी मी सगळे करतात तेच केलं. मोबाइलवरची प्रश्नमंजूषा. पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार रंगांचे चौकोन, प्रत्येकानं आपल्या फोनवर रंग दाबायचा, जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. शहरातल्या एका शिबिरात मी हे पाहिलं होतं आणि तिथं ते झकास रंगलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी सव्वीस जण आले होते, कारण "आज पडद्यावर खेळ आहे" असा निरोप फिरला होता. सव्वीसांत फोन सोळा. त्यातल्या चारांचा नेटपॅक संपलेला. पत्र्याखाली पाऊस सुरू झाला की रेंज जाते हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, पण खेळ ठरवताना माझ्या ते डोक्यातच आलं नाही. माझ्या हॉटस्पॉटवर सात-आठ जण चढले, आणखी दोघं चढू लागली तर आधीचे गळायला लागले. त्या फुकटच्या आवृत्तीत एका वेळी किती जणांना खेळता येईल यालाही मर्यादा होती, ते मला तिथंच उभं असताना कळलं.

पण नेट चांगलं असतं तरी फार फरक पडला नसता. ज्यांच्याकडे फोन नव्हते त्या दहांपैकी आठ मुली होत्या. आमच्या गावात दहावीतल्या मुलाला फोन मिळतो, त्याच्या बारावीतल्या बहिणीला मिळत नाही. आईचा फोन ती घरी वापरते, पण बैठकीला आणत नाही. "दोघी मिळून एक फोन वापरा" असं मी म्हणाले खरं, पण ज्याचा फोन त्याचंच बोट, दुसरी नुसती डोकावत राहते. आणि जे खेळत होते ते हॉलमध्ये नव्हतेच. मान खाली, पडद्याकडे एक नजर, परत मान खाली. पहिल्या तीन नंबरांत पाळकसाहेबांची मुलगी, संडे स्कूलच्या बाईंचा मुलगा आणि तिसरा असा एक जण, ज्यानं काही न वाचता सगळीकडे लालच दाबलं होतं. तो मात्र खूश होता.

दुसऱ्या वेळी मी फोन काढून टाकले आणि इंटरनेटवरून तयार स्लाइड उतरवून घेतल्या. चित्रांवरून बायबलचं पुस्तक ओळखा. पहिल्या स्लाइडवर कुऱ्हाड. सगळे गप्प. कोणी म्हणालं, अब्राहाम? कोणी म्हणालं, योसेफ सुतार होता ना? मीही बघतच राहिले, कारण उत्तराची स्लाइड मी आधी पाहिली नव्हती. उत्तर होतं प्रेषितांची कृत्ये. इंग्रजीत त्या पुस्तकाला 'ॲक्ट्स' म्हणतात आणि कुऱ्हाडीला 'ॲक्स', उच्चार जवळपास तसाच होतो. दुसऱ्या स्लाइडवर ऑफिसची बॅग आणि टाय: ईयोब, कारण इंग्रजीत ते स्पेलिंग नोकरीचं. पाचव्या स्लाइडनंतर मागून आवाज आला, "ताई, हा खेळ इंग्लिश मीडियमचा आहे का?"

पुढचा संच बायबलमधल्या गोष्टींच्या चित्रांचा होता. त्यात योसेफाचा झगा इंद्रधनुष्यासारखा सात रंगांचा. आमच्या मराठी शास्त्रात उत्पत्तीच्या 37व्या अध्यायात आहे 'पायघोळ झगा'. पायघोळ म्हणजे पायापर्यंत लोळणारा, रंगांचा तिथं उल्लेख नाही. त्यामुळे पोरांना ते चित्र जोकराचं वाटलं. जक्कयासाठी कसलंसं सुचीपर्णी झाड होतं. पाळकीणबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "उंबर आहे तो. उंबराच्या झाडावर चढला होता जक्कय. आपल्या विहिरीपाशी आहे तसला." मी लॅपटॉप मिटला आणि आम्ही अंताक्षरी खेळलो.

घरी जाताना मला दोन गोष्टी टोचत होत्या. नगरला मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. इथल्या कित्येक घरांत पाच-सहा पिढ्या मराठी शास्त्र वाचलं जातंय. उंबर, पायघोळ झगा, गल्याथ, दावीद हे आमच्या आजींच्या बोलण्यातले शब्द आहेत, आणि मी मात्र परक्या भाषेतल्या कोट्या भिंतीवर लावून पोरांना अडाणी ठरवत होते. दुसरी गोष्ट जास्त व्यवहाराची. खो-खो पोरांना आवडतो कारण तो दोन मिनिटांत कळतो, उशिरा आलेल्यालाही त्यात घुसता येतं, आणि खेळताना सगळे एकमेकांकडे बघत असतात. माझ्या दोन्ही खेळांत यातलं एकही नव्हतं.

तिसऱ्या बैठकीच्या आधी मी दोघांना घरी बोलावलं. एक अकरावीतली मुलगी, जी बैठकीत कधी तोंड उघडत नाही पण वहीच्या मागच्या पानांवर सतत चित्रं काढते, आणि एक आयटीआयचा मुलगा. मी टेबलावर शास्त्राची अनुक्रमणिका उघडली. जुन्या कराराची 39 पुस्तकं, नव्या कराराची 27. म्हटलं, नावं मोठ्यानं वाचा आणि कानाला काय ऐकू येतं ते सांगा. अर्थ बाजूला ठेवा.

पहिली दहा मिनिटं काही सुचेना. मग तो मुलगा 'मीखा' वाचून थांबला आणि म्हणाला, "मी, खा." स्वतःकडे बोट दाखवणारा माणूस आणि शेजारी वडापाव खाणारा माणूस. झाली स्लाइड. तिथून जी गाडी सुटली ती रात्री साडेनऊपर्यंत. मार्क म्हणजे निकालपत्रिका. लूक म्हणजे आरशासमोर केस सारखे करणारा पोरगा, कारण 'काय लूक आहे' हे आता मराठीच झालंय. इतिहास म्हणजे सहावीचं पुस्तक, दोनदा, कारण पहिला इतिहास आणि दुसरा इतिहास. गणना म्हणजे वही घेऊन दारात उभे असलेले शिक्षक. ही माझ्यावर मारलेली कोपरखळी होती, आमची निम्मी नोकरी याद्या करण्यात जाते. अनुवाद म्हणजे एका बाजूला 'अ' आणि दुसऱ्या बाजूला तमिळमधला 'अ'. निर्गम काय करायचं यावर बराच वेळ अडलो. मग तीच गप्प मुलगी म्हणाली, "निर्गम उतारा." जातीच्या दाखल्यासाठी शाळेतून जो कागद काढावा लागतो तो. आमच्या भागात प्रत्येक घरानं त्यासाठी चकरा मारलेल्या आहेत. नाव-गाव पुसून कोऱ्या उताऱ्याचा फोटो घेतला.

मग आली नव्या करारातली पौलाची पत्रं. मराठीत ती रोमकरांस, करिंथकरांस, इफिसकरांस, फिलिप्पैकरांस अशी. मुलगी हसायलाच लागली. "ताई, ही आडनावं आहेत." मी आयुष्यभर ही नावं वाचत आले, दोनदा परीक्षेलाही होती, पण मला हे कधी ऐकू आलं नव्हतं. तिनं कागदावर एक वाड्याचं दार काढलं, त्यावर पाटी, 'श्री. रोमकर', आणि खाली 'कुत्र्यापासून सावध'. करिंथकरांच्या दारावर दोन पाट्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, कारण त्यांना दोन पत्रं. थेस्सलनीकाकरांची पाटी इतकी लांब की दाराच्या बाहेर गेलेली. इफिसकरांच्या घरी लग्नपत्रिका.

लेवीयला मी स्वतः साखरेचं पोतं लावलं. आमच्या तालुक्यात साखर कारखाना आहे आणि रेशनवर लेव्हीची साखर मिळायची तो काळ माझ्या वयाच्या माणसांना आठवतो. पोरांना काही कळणार नाही हे माहीत होतं. मुद्दाम ठेवली.

स्लाइड करण्यात शिकण्यासारखं फार नाही, पण ज्या तीन गोष्टींनी आम्हाला छळलं त्या सांगते. चर्चचा लॅपटॉप जुना. माझ्या लॅपटॉपवर नीट दिसणारं मराठी तिथं उघडलं की रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, 'प्रकटीकरण' तर वाचताच येईना. जो फॉन्ट तुमच्याकडे आहे तो दुसऱ्या मशीनवर असेलच असं नाही. आयटीआयवाल्यानं उपाय काढला: प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून साठवायची आणि ती चित्रंच दाखवायची. चित्रातली अक्षरं मोडत नाहीत. दुसरं, आमचा प्रोजेक्टर जुन्या टीव्हीसारखं चौकोनी चित्र फेकतो आणि नव्या लॅपटॉपवर स्लाइड रुंद असतात, म्हणून चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन ते बारकं व्हायचं. फाइल करतानाच माप चारास तीन ठेवलं की भिंत भरते. तिसरं म्हणजे उजेड. साडेपाचला पावसाळ्यातही हॉलमध्ये बराच उजेड असतो. खिडक्यांना सतरंज्या लावल्या तर दम कोंडतो. शेवटी पडदाच खिडक्यांच्या भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मधोमध नेला, म्हणजे बाहेरचा उजेड त्याच्यावर पडत नाही, आणि फिकट हिरव्या भिंतीवर पाळकीणबाईंची पांढरी चादर ताणून बांधली. अक्षरं एवढी मोठी की एका स्लाइडवर सहा शब्दांच्या वर जायचंच नाही. जिथं सहा शब्दांत मावेना तिथं मी तोंडानं सांगितलं.

तिसऱ्या बैठकीला एकवीस जण होते. मी एक सहाचा आणि तीन पाचचे असे चार गट केले, पण आपापल्या मित्रांचे होऊ नयेत म्हणून जन्माच्या महिन्यावरून. गटाला एक पाटी आणि खडू, आमच्या शाळेतून आणलेले. पडद्यावर चित्र, गटानं डोकं एकत्र करून पाटीवर नाव लिहायचं, मी शिट्टी वाजवली की पाटी वर. लवकर लिहिलं म्हणून जादा गुण नाहीत. शास्त्राची अनुक्रमणिका प्रत्येक गटासमोर उघडी ठेवलेली. यावर संडे स्कूलच्या बाईंच्या मुलानं हरकत घेतली, ही कॉपी झाली म्हणून. मी म्हटलं, होऊ दे. अनुक्रमणिका वाचून काढण्याचा यापेक्षा चांगला बहाणा मला अजून सापडलेला नाही.

'श्री. रोमकर' आला तेव्हा हॉलमध्ये जो हशा पिकला, तो पत्र्यावरच्या पावसाच्या वर गेला. त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. मीखाला एका गटानं 'माझं पोट' असं लिहिलं. निर्गम उतारा पहिल्यांदा ओळखला तो वसतिगृहातल्या नववीच्या मुलानं, ज्याला शास्त्र फारसं येत नाही, पण गेल्याच महिन्यात तो त्या कागदासाठी दोन गावं फिरला होता. पाळकसाहेबांच्या मुलीला तो आला नाही. मला या एका उत्तराचं जेवढं बरं वाटलं तेवढं बाकी कशाचंच नाही, हे इथं कबूल करते.

साखरेच्या पोत्यावर चारही पाट्या कोऱ्या. दारात चर्चची घंटा वाजवणारे काका कुलूप लावायला म्हणून थांबले होते. त्यांनी खाकरून म्हटलं, "लेव्ही." पोरं वळून बघायला लागली. मग काकांनी रेशनची रांग, कार्डावरची माणसं मोजून मिळणारी साखर, सणाला जरा जास्त, असं सगळं सांगितलं. पाच मिनिटं गेली, वेळापत्रक कोलमडलं. मी थांबवलं नाही.

त्या दिवशी दुसरा खेळ होता तो त्याहून सोपा. आमच्याच चर्चमधल्या वस्तूंचे फोनवर अगदी जवळून काढलेले फोटो. प्रत्येकाच्या तीन स्लाइड: नुसता पोत दिसेल इतकी जवळची, जराशी लांबची, आणि पूर्ण वस्तू. हार्मोनियमच्या भात्याची घडी, दानाच्या थैलीची मखमल, उपदेशपीठाच्या कडेचं कोरीवकाम, मागच्या बाकावर कोणीतरी कर्कटकानं कोरलेला बदाम. हा बदाम पहिल्या स्लाइडलाच ओळखणारे दोघं निघाले आणि कसा काय ओळखला यावर त्यांची बरीच चेष्टा झाली. एक फोटो होता तपकिरी, पिळदार, मध्ये फुगीर. वेणी, झाडाची साल, जिलबी, गोणपाट, काय काय सांगून झालं. काका पुन्हा दारातून, "घंटेची दोरी. ती गाठ मी मारलीय, गेल्या पावसात तुटली तेव्हा." या खेळाला नेट लागत नाही, शास्त्र लागत नाही, वाचताही यावं लागत नाही. फक्त तुम्ही त्या चर्चमध्ये येत असायला हवं.

सप्टेंबरच्या बैठकीत मी हलणारा खेळ आणला, कारण तासभर बसून पोरं कंटाळतात आणि थंडगार सतरंजीवर पायाला मुंग्या येतात. पडद्यावर एक वाक्य. 'शास्त्रात आहे' वाटलं तर डावी भिंत, 'नाही' वाटलं तर उजवी. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं: सगळे डावीकडे, आणि उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात नुसतं 'फळ' आहे हे वाचून दाखवल्यावर ओरडा. मागी लोक (बाळ येशूला भेटायला आलेले) तिघे होते: मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात दानं तीन आहेत, माणसं किती ते दिलेलं नाही. आमच्या नाताळच्या नाटकात मागी झालेल्या तिघांनी यावर निषेध नोंदवला. एक गाढवी माणसासारखी बोलली: आहे, गणना 22. दाविदानं ओढ्यातून पाच गोटे उचलले: आहे, आणि लागला एकच, हे एका बारक्यानं स्वतःहून सांगितलं. 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो': यावर कमिटीचे एक वडीलधारे सभासद स्वतः डावीकडे जाऊन उभे राहिले. ते शास्त्रात कुठंच नाही. ते पुढे आठवडाभर शोधत होते.

पहिल्या दोन वाक्यांतच एक खोट दिसली. सगळे जण पाळकसाहेबांची मुलगी कुठल्या भिंतीकडे निघते ते बघून मागे जात होते. तिलाही ते कळत होतं आणि ती अवघडली होती. मग नियम बदलला: आधी सगळ्यांनी डोळे मिटायचे, डावा किंवा उजवा हात वर करायचा, मग डोळे उघडून ज्या बाजूचा हात त्या भिंतीकडे जायचं. लबाडी तरीही होते, पण कमी. आणि चुकलेले बाद होत नाहीत. बाद करण्याचा खेळ पडद्यासमोर चालत नाही हे माझं ठाम मत आहे. खो-खोत बाद झालेला निदान बाजूला उभा राहून ओरडतो; इथं बाद झालेला खिशातून फोन काढतो आणि तो गेला तो गेलाच.

याच बैठकीत 'काय गेलं?' खेळलो. पडद्यावर बारा वस्तू, वीस सेकंद बघायच्या, मग पडदा काळा, परत येताना एक गायब. पडदा काळा करायला वेगळी स्लाइड लागत नाही; पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड चालू असताना 'बी'चं बटण दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. हे बटण मला फार आवडतं. बोलायचं असेल तेव्हा मी ते दाबते, कारण भिंतीवर उजळ चित्र असेपर्यंत कोणी माणसाकडे बघत नाही.

त्या बारा वस्तूंत मी प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतल्या पवित्र द्राक्षारसाचा, प्याला ठेवला होता. तो भिंतीवरून 'गायब' झाल्यावर पोरं हसली, आणि मघाशी डावीकडे उभे राहिलेले तेच सभासद बैठक संपल्यावर माझ्याकडे आले. "ताई, बाकी सगळं चांगलं आहे. प्याला नको." मी आधी वाद घालायला निघाले होते, नुसता फोटो आहे वगैरे. पण त्यांचं बरोबर होतं. दानाची थैली, घंटेची दोरी, हार्मोनियम यांच्याशी आमची रोजची सलगी आहे. प्याल्याशी तशी नाही, आणि नसावी. त्या जागी चहाची किटली आली. पडद्यावर खेळ म्हणजे चर्चचं थिएटर होणार अशी कुजबूज कमिटीत सुरू होती, ती या किटलीनंतर बरीचशी थांबली. पाळकसाहेबांनी एक अट घातली: शास्त्रभागाच्या आधी पडदा गुंडाळायचा. ती मी पाळते.

आवाजाच्या खेळाचं थोडक्यात सांगते. गीताचे पहिले सूर ऐकवून गीत ओळखा, असं करायला गेलो. ब्लूटूथच्या स्पीकरवर शांततेनंतर आवाज सुरू झाला की पहिला क्षण गिळला जातो, आणि नेमका तोच ऐकवायचा असतो. वायर जोडून ते सुटलं असतं. पण आमच्याकडे हार्मोनियम आहे आणि वाजवणारा आहे. तो पडद्याच्या बाजूला बसून तीन सूर वाजवतो, पडद्यावर फक्त गीताचा क्रमांक येतो.

एक खेळ मी परत घेणार नाही. ऑक्टोबरमध्ये पोरांनीच सुचवला होता: सगळ्यांनी आपला लहानपणीचा फोटो द्यायचा, पडद्यावर ओळखायचं. सगळीकडे हा खेळ हमखास रंगतो असं सांगतात. व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागले, बाळं, टोपडी, तीट. दोन दिवसांनी वसतिगृहातल्या त्याच नववीच्या मुलानं मला शाळेच्या गेटपाशी गाठून विचारलं, "ताई, आधारकार्डावरचा चालेल का?" त्याच्याकडे दुसरा लहानपणीचा फोटोच नव्हता. वसतिगृहातल्या आणखी तिघांकडेही नव्हता, आणि त्यातल्या एकीनं त्या शनिवारी बरं नसल्याचं आधीच कळवून टाकलं होतं. मी खेळ रद्द केला. कारण सांगितलं की फाइल उडाली. त्याऐवजी सगळ्यांच्या चपलांचे फोटो काढले, हॉलच्या बाहेर काढून ठेवलेल्या, आणि त्या कोणाच्या ते ओळखायला लावलं. घाईत केलेला खेळ होता, पण चपला सगळ्यांच्या सारख्याच चिखलात भरलेल्या होत्या. पाळकसाहेबांची चप्पल कोणालाही ओळखता आली नाही. एकाचा अंगठा तुटून तिथं सेफ्टी पिन लावलेली होती.

हिशेब सांगायचा तर ऑक्टोबरला हजेरी चोवीस. पाऊस थांबला होता, तेव्हा त्याचं सगळं श्रेय पडद्याला देणं बरोबर नाही. मला दिसलेला फरक वेगळा आहे. पूर्वी बैठकीत बोलणारी पाच-सहा तोंडं ठरलेली होती. आता शास्त्रभागावर चर्चा सुरू झाली की मधूनच कोणीतरी "रोमकर काय म्हणतात?" असं विचारतं आणि रोमकरांस पत्र उघडलं जातं. ती अकरावीतली मुलगी अजूनही फारशी बोलत नाही. स्लाइड मात्र आता तीच करते, लॅपटॉपची पिशवीही तीच सांभाळते, आणि मी मध्ये बोट घातलं तर तिला आवडत नाही.

तयारीला आम्हाला बैठकीमागे साधारण दोन संध्याकाळी लागतात, त्यातली एक हसण्यात जाते. खेळ वीस मिनिटांवर नेत नाही. वीज गेली तर, आणि ती जातेच, उरलेली चित्रं ती मुलगी फळ्यावर काढते. कुत्र्याच्या पाटीपर्यंत सगळं खडूत जमतं. नोव्हेंबरपासून आवार वाळलं की खो-खो परत सुरू होईल आणि मशीन कपाटात जाईल, अशी माझी अटकळ होती. पोरांनी दोन्ही हवं म्हणून सांगितलंय.

शास्ते, उपदेशक, तीत, यांची चित्रं झाली. हबक्कूकासाठी मात्र अजून कोणालाच काही सुचलेलं नाही. ग्रुपवर आलेला ताजा प्रयत्न म्हणजे शिट्टी उडालेल्या कुकरचा फोटो, खाली लिहिलेलं: "हबकून कुकर." सगळ्यांनी मिळून नापास केला.